कूलरसाठी स्वतःचा थर्मोस्टॅट: रायट ओएसवर पहिल्या प्रोग्रामपासून पहिल्या पुल रिक्वेस्टपर्यंत

नाशिकच्या घरांत थर्मोस्टॅट म्हटलं की गीझर, इस्त्री किंवा फ्रिज आठवतो. अख्ख्या खोलीचं तापमान सांभाळणारी वस्तू आपल्याकडे फारशी नसते, पण गरज मात्र असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो, रात्री कूलर लावून झोपावं लागतं आणि पहाटे हवा उतरली की अंगावर घ्यायला चादर शोधावी लागते. घरात आजी-आजोबा किंवा लहान बाळ असेल तर कूलर बंद करायला कोणीतरी उठतंच. हे काम थर्मोस्टॅटकडे द्यायचं आणि त्याच निमित्ताने रायट (RIOT) ही एक छोटी, खुली ऑपरेटिंग सिस्टिम शिकून तिच्या विकासात हातभार लावायचा, म्हणजे आपला बदल तिच्या मूळ कोडमध्ये घ्यायची विनंती (पुल रिक्वेस्ट) पाठवायची, यासाठी हा लेख आहे.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत वॉरन जॉन्सन नावाच्या शिक्षकाने वर्गखोल्यांच्या तापमानासाठी विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ मध्ये घेतलं. तत्त्व आजही तेच आहे: मोजा, ठरलेल्या आकड्याशी ताडून बघा, चालू किंवा बंद करा. फरक एवढाच की मधला निर्णय आता स्वस्तात मिळणारा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) घेतो आणि त्याच्यावर काय चालवायचं हे आपण ठरवतो.

मी रायट निवडतो. २०१३ पासून ती याच नावाने खुली आहे. बर्लिनचं फ्राये विद्यापीठ (Freie Universität), फ्रान्सची संगणक-संशोधन संस्था इन्रिया आणि हँबर्गचं उपयोजित विज्ञान विद्यापीठ यांच्या कामातून ती उभी राहिली. अगदी लहान रचनेत ती सुमारे दीड किलोबाइट रॅममध्ये मावते. साध्या सी भाषेत लिहिता येते, मेक वापरून बांधता येते आणि, शिकणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचं म्हणजे, बोर्ड नसला तरी लॅपटॉपवर चालते. अशाच दुसऱ्या छोट्या सिस्टिमपैकी झेफिर उत्तम आहे, पण तिथे डिव्हाइस ट्री (बोर्डवर काय कुठे जोडलंय याचं वर्णन) समजण्यातच नवख्या माणसाची उमेद संपते. नटएक्स ज्यांना युनिक्सची सवय आहे त्यांना जवळची वाटेल. सुरुवात करणाऱ्याला मी तरी रायटच सांगेन.

पायरी १: सामान

एमजी रोड आणि वकीलवाडीच्या दुकानांत यातलं बहुतेक मिळून जातं. पॅनेलला लागणारं सामान हवं असेल तर नाशिककरांचं नशीब चांगलं आहे: सातपूर आणि अंबडला स्विचगिअरचे मोठे कारखाने आहेत, त्यामुळे कॉन्टॅक्टर, डिन रेल, एमसीबी, ग्लँड या गोष्टी ओळखणारी दुकानं आणि माणसं दोन्ही गावातच भेटतात.

- ईएसपी३२-व्रूम-३२ (ESP32-WROOM-32) डेव्हलपमेंट बोर्ड
- डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर
- आर्द्रतेसाठी एसएचटी३१ (पायरी ७ मध्ये लागेल)
- ऑप्टोकपलर असलेलं दोन चॅनेलचं ५ व्होल्टचं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच)
- ५ व्होल्टचा चांगल्या प्रतीचा ॲडॉप्टर
- कूलरच्या टाकीसाठी फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा)
- ब्रेडबोर्ड, जंपर वायर, मल्टिमीटर
- डेटा जाणारी यूएसबी केबल

शेवटची ओळ नीट वाचा. घरात पडलेल्या केबलींपैकी बऱ्याच फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डचा दिवा लागतो पण संगणकाला बोर्ड दिसत नाही, आणि माणूस ड्रायव्हर शोधत संध्याकाळ घालवतो.

कागदपत्रं अशी काहीच लागत नाहीत. गिटहबवर (खुला कोड ठेवायची वेबसाइट) खातं हवं, आणि तिथे रायटच्या कोडसोबत ठेवलेली 'कॉन्ट्रिब्युटिंग' व 'कोडिंग कन्व्हेन्शन्स' नावाची दोन पानं सुरुवातीलाच वाचलेली हवीत.

पायरी २: लॅपटॉपवर रायट चालवा, बोर्ड बाजूला ठेवा

लिनक्स असेल तर सगळं सरळ आहे. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा व्हर्च्युअल मशीन घ्यावं. गिटने रायटचा कोड उतरवा, पण विकास चालू असलेल्या मुख्य शाखेवर न राहता एखादं ठरावीक रिलीज घ्या. रिलीजला वर्ष आणि महिन्याचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ २०२४.०१. मग उदाहरणांमधला 'हॅलो वर्ल्ड' प्रोग्राम 'नेटिव्ह' बोर्डसाठी बांधा. नेटिव्ह म्हणजे तुमचा संगणकच: रायट इथे एक साधी प्रोसेस म्हणून चालते.

कंपायलर आणि टूलचेन (कोड बांधायची हत्यारं) जमवण्यात घोळ होत असेल तर हट्ट करू नका. रायटची तयार डॉकर प्रतिमा (सगळी हत्यारं आधीच बसवलेला बंदिस्त संच) आहे आणि डॉकरमध्ये बांधायला एकच व्हेरिएबल लावावं लागतं. ईएसपी३२ची टूलचेन बसवायची स्क्रिप्टही कोडसोबतच येते.

पायरी ३: निर्णयाचा कोड वेगळा लिहा

इथे वेळ द्या. थर्मोस्टॅटचा सगळा शहाणपणा एका फंक्शनमध्ये बसतो आणि त्या फंक्शनला पिन, रिले, सेन्सर यातलं काहीही माहीत असायला नको. त्याला आत चार गोष्टी मिळतात: आत्ताचं तापमान, हवं ते तापमान, कूलर आत्ता चालू आहे की बंद, आणि शेवटचा बदल होऊन किती वेळ झाला. बाहेर एकच उत्तर येतं: चालू किंवा बंद.

त्यात दोन नियम हवेतच.

पहिला, चालू आणि बंद करण्याचे आकडे वेगळे ठेवायचे. २८ अंश हवे असतील तर २८.५ ला चालू, २७.५ ला बंद. एकच आकडा ठेवला तर तापमान त्याच्या आसपास रेंगाळताना रिले दर काही सेकंदांनी कटकट करतो आणि त्याचे पॉइंट जळतात. याला हिस्टेरिसिस म्हणतात.

दुसरा, एकदा बदल झाला की निदान तीन मिनिटं पुन्हा बदल नाही. कूलरच्या मोटरला हे बरं असतं, आणि उद्या हाच कोड एसीला लावायचा ठरलं तर कॉम्प्रेसरसाठी हा नियम टाळताच येत नाही. लाइट जाऊन परत आली की सुरुवात नेहमी 'बंद' पासून करायची आणि तीच तीन मिनिटं थांबायचं. मेमध्ये लाइट आल्यावर ती लगेच परत जायची शक्यताही असते.

आता आकड्यांविषयी. रायटमध्ये डीएस१८ चा ड्रायव्हर तापमान पूर्णांकात देतो, अंशाच्या शंभराव्या भागात. म्हणजे २८.५० अंश असतील तर हातात २८५० येतात. तुलनाही पूर्णांकातच करा. दशांशाची गणितं लहान मायक्रोकंट्रोलरवर विनाकारण महाग पडतात. मात्र स्क्रीनवर छापताना एक सापळा आहे. २८०५ ला शंभराने भागून भाग २८ आणि बाकी ५ आली की बरेच जण सरळ '२८.५' छापतात. खरं तापमान २८.०५ असतं. अपूर्णांकाचा भाग दोन अंकी, पुढे शून्य लावून छापायला सांगा. ही चूक वाईट अशी की कोड बरोबर चालत असतो, पण स्क्रीनवर २८.५ दिसूनही कूलर लागत नाही आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

वेळेच्या गणितात दुसरा सापळा. रायटमध्ये वेळ मोजणाऱ्या झेडटाइमरचा मिलिसेकंदाचा काउंटर ३२ बिटांचा आहे. तो ४९ दिवस १७ तासांनी पुन्हा शून्यावर येतो. मार्चच्या शेवटी लावलेला कूलर मेच्या मध्यावर, ऐन उकाड्यात, तिथे पोहोचतो. 'शेवटची वेळ अधिक तीन मिनिटं' हे आत्ताच्या वेळेशी ताडू नका. 'आत्ताची वेळ वजा शेवटची वेळ' काढा आणि ती तीन मिनिटांशी ताडा. चिन्हविरहित पूर्णांकात ही वजाबाकी काउंटर शून्यावर गेला तरी बरोबर उत्तर देते.

फंक्शन असं वेगळं असल्यामुळे नेटिव्ह बोर्डवर खोटं तापमान भरून अख्खा दिवस काही क्षणांत चालवून बघता येतो. दुपारी ३९, संध्याकाळी ३३, पहाटे २५ असे आकडे भरा आणि रिले किती वेळा बदलला ते मोजा. रायटसोबत एम्बयुनिट नावाची चाचणीची सोय येते, तिचा वापर इथेच सुरू करा. पुढे पुल रिक्वेस्ट पाठवताना ही सवय कामी येते.

पायरी ४: सेन्सर जोडा आणि त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

डीएस१८बी२० च्या तीन तारा: एक ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला, डेटाची तार बोर्डच्या ४ नंबर पिनला. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. तो विसरला तर वाचन येतच नाही किंवा कधी येतं, कधी नाही.

पिन निवडताना काही नंबर टाळा. ६ ते ११ या पिन फ्लॅश मेमरीला जोडलेल्या असतात. ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या आहेत, त्यांवर रिले चालणार नाही. आणि १२ नंबर पिन बोर्ड सुरू होताना हाय राहिली तर फ्लॅशचं व्होल्टेज चुकीचं ठरतं आणि बोर्ड उठतच नाही.

रायटमध्ये ड्रायव्हरच्या चाचण्यांच्या फोल्डरमध्ये डीएस१८ ची तयार चाचणी आहे. तिला पिन सांगा, बोर्डवर चढवा आणि आकडे येताना बघा. 'परवानगी नाही' असा संदेश आला तर तुमच्या लिनक्स खात्याला 'डायलआउट' गटात घाला आणि लॉगआउट करून परत या.

मग सेन्सर तपासा. बर्फ बारीक कुटून त्यात थोडं थंड पाणी घाला, ढवळा आणि स्टीलचा प्रोब त्यात बुडवून पाच मिनिटं थांबा. वाचन शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत हवं, कारण या सेन्सरची उणे १० ते ८५ अंशांमधली अचूकता अधिक-उणे ०.५ अंश असते. बाजारात नकली सेन्सर पुष्कळ आहेत आणि बर्फाच्या चाचणीत त्यांतले बरेच उघडे पडतात. उकळत्या पाण्याची चाचणी मात्र नको. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नाही, ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. पुस्तकातला शंभर धरून सेन्सर 'दुरुस्त' कराल तर चांगल्या सेन्सरला दोन अंशांनी बिघडवाल.

अजून एक आकडा लक्षात ठेवा: ८५. हा सेन्सर चालू झाल्यावर पहिलं मोजमाप पूर्ण होईपर्यंत ८५ अंश दाखवतो. पूर्ण १२ बिटांच्या मोजमापाला त्याला ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. व्होल्टेज क्षणभर खाली जाऊन सेन्सर रीसेट झाला तरी हाच ८५ परत येतो, आणि तुमचा थर्मोस्टॅट घाईने कूलर लावतो. म्हणून खोलीसाठी ० ते ६० च्या बाहेरचं कुठलंही वाचन टाकून द्या. लागोपाठ तीन वाचनं खराब आली तर कूलर बंद करून दिवा लुकलुकवा. सेन्सर गेल्यावर यंत्र कोणत्या स्थितीत थांबेल, हे ज्या थर्मोस्टॅटमध्ये ठरवलेलं नाही तो घरात लावू नये.

पायरी ५: रिले, आणि २३० व्होल्टच्या आधीची थांबण्याची जागा

आधी रिलेवर कूलर नको. ५ व्होल्टचा यूएसबी पंखा किंवा छोटा दिवा लावा आणि दोन-चार रात्री तसंच चालू द्या.

ही निळी रिले मॉड्यूल बहुधा उलट्या तर्काची असतात: पिन लो केली की रिले लागतो. त्यात ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आणि मॉड्यूल ५ व्होल्टचं, त्यामुळे काही मॉड्यूलमध्ये रिले बंद व्हायला कुरकुर करतो. मॉड्यूलवर 'जेडी-व्हीसीसी' लिहिलेला जंपर असेल तर तो काढा, जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट आणि व्हीसीसीला ३.३ व्होल्ट द्या. बोर्ड सुरू होताना रिले क्षणभर लागून सुटत असेल तर सरळ तर्काचं मॉड्यूल आणा.

आता खरा कूलर. इथे मी आग्रहाने सांगतो: जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि स्वतः जवळ उभे राहा. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरून माणसं दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. कूलरला अर्थिंग हवं, त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवी आणि रिलेचा डबा पाण्याच्या शिंतोड्यांपासून लांब, भिंतीवर हवा. २३० व्होल्टच्या आणि सेन्सरच्या तारा एका पाइपातून नेऊ नका.

पंख्याला एक रिले, पंपाला दुसरा. पंपाच्या रिलेला फ्लोट स्विचचीही संमती लागू दे, कारण टाकी रिकामी झाली की पंप कोरडा चालून जळतो. मोटर बंद होताना उठणाऱ्या ठिणगीने बोर्ड रीसेट होत असेल तर मोटरच्या दोन टोकांना समांतर आरसी स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावून घ्या. वायरमनला हा शब्द नवा असेल तर पॅनेल बनवणाऱ्या कुणालाही विचारा.

काही जण थंडीत हाच डबा रूम हीटरला लावायला बघतात. निफाडकडे पारा पाच-सहापर्यंत उतरतो तेव्हा मोह होतो. पण २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ ॲम्पिअर घेतो आणि या रिलेवर १० ॲम्पिअर छापलेलं असतं. रात्रभर इतक्या जवळून चालवला तर पॉइंट चिकटतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे बंद न होणारा हीटर. त्यासाठी कॉन्टॅक्टरच (जास्त करंट झेपणारा मोठा रिले) हवा. उघड्या कॉइलचा हीटर तर कॉन्टॅक्टर असला तरी आपोआप चालू होणाऱ्या यंत्राला जोडू नये.

पायरी ६: सेन्सरची जागा

जमिनीपासून चार-पाच फूट, कूलरच्या झोतात नाही, खिडकीजवळ नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीवर तर नाहीच. ती भिंत सूर्य मावळल्यावरही तास न् तास तापलेली असते. बोर्डच्या डब्यातही सेन्सर ठेवू नका, बोर्डची स्वतःची उष्णता त्यात मिसळते. मीटरभर तारेने बाहेर काढा.

पायरी ७: जून

पहिला पाऊस झाला की तापमानावर चालणारा कूलर त्रास देतो. हवेत आधीच ओल असते, पंप तीच वाढवतो, खोली चिकट होते पण थंड होत नाही. इथे एसएचटी३१ कामाला येतो. रायटमध्ये त्याच्या जातीच्या सेन्सरांसाठी ड्रायव्हर आहे. मी ७० टक्के आर्द्रतेला पंप बंद आणि ६० च्या खाली परत चालू असं ठेवतो. पंखा मात्र तापमानावरच चालू दे.

वायफाय मी मुद्दाम कुठेच घेतलेलं नाही. इंटरनेट गेलं म्हणून आजोबांचा कूलर अडता कामा नये. फोनवर आकडे बघायची हौस नंतर करा.

पायरी ८: पहिली पुल रिक्वेस्ट

रायटमध्ये शेकडो बोर्ड आणि सेन्सर आहेत. ते चालत राहतात कारण कुणीतरी ते खऱ्या बोर्डवर लावून बघतं. तुमच्याकडे आता एक चालतं यंत्र आहे आणि ड्रायव्हर वाचताना कुठे अडलात हे ताजं आहे. माहितीपत्रकातली अपुरी ओळ, चाचणीच्या वर्णनात राहून गेलेली पिनची सूचना, चुकीच्या वाचनाला परत न येणारा एरर: पहिलं योगदान इतकंच छोटं असावं. नवा ड्रायव्हर घेऊन पहिल्यांदाच येणारे बहुतेक तपासणीच्या लांबीने थकतात.

क्रम असा:

१. रायटच्या कोडच्या भांडाराचा (रिपॉझिटरीचा) फोर्क, म्हणजे स्वतःची प्रत, करा, मुख्य शाखेवरून स्वतःची शाखा काढा. जुन्या रिलीजवर केलेला बदल तिथे घेत नाहीत.

२. एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच विषय. कमिटच्या (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात आधी फोल्डर आणि मॉड्यूलचं नाव, मग अपूर्णविराम (:), मग काय बदललं ते.

३. पाठवण्याआधी स्टॅटिक टेस्ट (कोड न चालवता त्याची मांडणी तपासणाऱ्या चाचण्या) स्वतःच्या संगणकावर चालवा. शेवटची रिकामी जागा, टॅब, ओळीची लांबी यांवरून परत येण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो. रायटमध्ये चार स्पेसचं इंडेंट आहे.

४. वर्णनात 'चाचणी कशी केली' हा भाग मनापासून भरा. कोणता बोर्ड, कोणता सेन्सर, कोणती आज्ञा दिली, आधी काय छापलं गेलं आणि आता काय. बर्फातलं वाचन इथे पुराव्यासारखं देता येतं.

५. तपासणाऱ्याने सुधारणा सांगितली की नवा कमिट जोडा. सगळे कमिट एकत्र करायची घाई करू नका. 'आता स्क्वॅश करा', म्हणजे एकत्र करा, असं ते सांगतात, तेव्हाच करा. आधीच एकत्र केलं तर नवं काय बदललं हे त्यांना दिसत नाही.

मेंटेनरने (प्रकल्प सांभाळणाऱ्याने) परवानगीचं लेबल लावलं की मर्डॉक नावाची यंत्रणा तुमचा बदल अनेक बोर्डांसाठी बांधून बघते. तुम्ही कधी न पाहिलेल्या बोर्डवर तो अडकला तर घाबरू नका, नोंद उघडून पहिली चूक वाचा. बहुतेक वेळा मेमरी कमी पडलेली असते किंवा पूर्णांकाचा आकार गृहीत धरलेला असतो. उत्तर यायला आठवडे लागू शकतात. रिलीज जवळ आलं की नव्या गोष्टी घेणं थांबवतात, त्या काळात शांत राहून रिलीज कँडिडेट (रिलीजआधीची चाचणीची प्रत) तुमच्या बोर्डवर चालवा आणि निकाल कळवा. कोडची एक ओळही न लिहिता करता येणारं हे काम आहे आणि त्याची त्यांना खरोखर गरज असते.

परवान्याबद्दल: रायट एलजीपीएल २.१ या खुल्या परवान्याखाली आहे. तुमचा थर्मोस्टॅटचा प्रोग्राम तुम्ही बंद ठेवू शकता. पण यंत्र विकायला काढलंत तर रायटच्या फायलींत केलेले बदल घेणाऱ्याला द्यावे लागतात, आणि त्याला रायटची बदललेली प्रत घालता येईल अशी सोयही ठेवावी लागते. सातपूर-अंबडमध्ये छोटं युनिट चालवणाऱ्यांनी हा परवाना एकदा पूर्ण वाचावा.

पायरी ९: अपडेट

रायटचं नवं रिलीज आलं म्हणून चालता कूलर लगेच अपडेट करू नका, हंगाम संपू द्या. पूर्वी एक्सटाइमर होता, त्याची जागा झेडटाइमरने घेतली. असे बदल पुढेही होतील, म्हणून आधी रिलीज नोट्समध्ये काय काढून टाकलं तो भाग वाचा. मग नेटिव्हवर तुमच्या चाचण्या, मग बर्फ, मग यूएसबी पंखा, आणि शेवटी वायरमनने बांधलेली तीच जोडणी. जुनी बायनरी फाइल रिलीजच्या क्रमांकासह जपून ठेवा. फेब्रुवारीत हे सगळं उरकलं तर होळीला कूलर खाली काढेपर्यंत डबा तयार असतो.